निर्धूर चूल

निर्धूर चूल : सरपणावर चालणारी आणि धूर धुरांड्यावाटे घराबाहेर सोडणारी चूल. साध्या चुलीचा धूर वाट मिळेल तिकडे जातो. निर्धूर चुलीत जाळ पहिल्या भांड्याखालून मातीच्या बोगद्यातून वैलाकडे, म्हणजे दुसऱ्या भांड्याच्या भोकाकडे, ओढला जातो आणि तिथून उभ्या पाइपात शिरतो. पाइपातली हवा तापून हलकी होते, वर चढते आणि आपल्यामागे चुलीतला धूर ओढून घेते. त्यामुळे पाइप मोकळा आणि गरम राहिला तरच ही चूल चालते. धूर नाहीसा होत नाही, स्वयंपाकघरातून अंगणात जातो एवढेच.

1940च्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. 1950च्या दशकात हैदराबादेत एस. पी. राजू यांनी धुरांड्याच्या चुलीचा आराखडा मांडला. केंद्र सरकारने 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि 2002 पर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची ‘लक्ष्मी’ ही दोन भांड्यांची चूल याच काळातली. आकडा मोठा असला तरी बसवलेल्या आणि टिकलेल्या चुलींत बरेच अंतर पडले. ओडिशातील खेड्यांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी अशा चुलींचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फायदा उरला नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नव्हत्या आणि त्यांची डागडुजीही झाली नव्हती.

डागडुजीतले मुख्य काम काजळीचे. लाकूड ओले असले की जाळाची बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते. अर्धवट जळालेली वाफ पाइपाच्या थंड भागात गोठते आणि डांबरासारखा चिकट, पेट घेणारा थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. साडेसात सेंटीमीटर व्यासाच्या पाइपात आतून सगळीकडे एक सेंटीमीटर काजळी धरली, तर धुराची वाट जवळजवळ निम्म्याने कमी होते. मग चूल तोंडातून धूर ओकते, वैलावरचे कालवण लवकर उकळत नाही, आणि घरातली माणसे चुलीलाच नावे ठेवतात.

सफाई चूल पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी पेटवण्याआधी करावी. चुलीचे तोंड आणि वैल ओल्या पोत्याने झाकावे. वरची टोपी काढून दोरीला बांधलेला काथ्याचा बोळा आणि खाली दगडाचे वजन पाइपात सोडून वरखाली करावे. काजळी खाली पडते ती वैलामागच्या वळणावर. पाइप लखलखीत असूनही चूल ओढत नसेल तर पहिला संशय या वळणाचा घ्यावा. वैलातून हात घालून तिथली काजळी बाहेर काढावी लागते. रोज चूल पेटत असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा आणि कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांबरोबर हे व्हायला हवे. अडचण अशी, की चूल वापरते बाई आणि कौलांवर चढायचे असते दुसऱ्या कुणीतरी. तो दुसरा सवड काढेपर्यंत पाइप तुंबतो. पाइपाच्या पायथ्याशी झाकणाचे भोक ठेवले तर निम्मे काम जमिनीवरून होते. पाइप सिमेंट-ॲस्बेस्टॉसचा असेल तर तो कोरडा कापू किंवा खरवडू नये, तंतू छातीत जातात.

चुलीच्या अंगावर पडलेल्या चिरा शेणमातीने वेळीच लिंपाव्यात, कारण चिरेतून थंड हवा शिरली की ओढ मरते. वैल रिकामा असेल तर त्यावर झाकण हवे. जाड ओंडका मावत नाही म्हणून चुलीचे तोंड फोडून मोठे करणे हा सर्रास चालणारा प्रकार तर चुलीचा आराखडाच बिघडवतो. लाकूड फोडून ढलप्या करणे सोपे. लाकडातली ओल वीस टक्क्यांखाली असावी. पावसाळ्यात सरपण चुलीवरच्या माळ्यावर वाळवतात, पण ते पाइपाला टेकता कामा नये. गवती छपरातून पाइप नेताना भोवती पत्र्याची मोकळी बाही लागते.

काजळीने पेट घेतला की पाइपातून घरघर ऐकू येते आणि वरून ठिणग्या उडतात. अशा वेळी चुलीचे तोंड आणि वैल बंद करून हवा तोडावी, माणसे बाहेर काढावीत. तापलेल्या पाइपात पाणी ओतल्यास तो तडकतो. रात्री निखारे धुमसत ठेवून दार-खिडक्या लावून झोपणे घातक, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखू लागले तर तत्काळ मोकळ्या हवेत जावे. राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहतो, म्हणून राख लोखंडी घमेल्यात काढतात.

2016 मध्ये उज्ज्वला योजना आल्यावर गॅस बऱ्याच घरांत पोचला, तरी भाकरीसाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी सरपण चालूच आहे. तांब्याच्या बंबालाही हीच निगा लागते: मधल्या नळीतली काजळी झाडणे, खालची राख रोज काढणे, बंब बंद न्हाणीघराऐवजी पडवीत ठेवणे. रिकामा बंब मात्र पेटवत नाहीत, सांध्यांचा डाक सुटून तो गळू लागतो.