जखमेवरचा मध नेमके काय करतो?

प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाल्याची बातमी आली की पाठोपाठ 'जखमेला मध लावा, गोळ्या फेकून द्या' असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. यातल्या पहिल्या सल्ल्याला आधार आहे. दुसरा जिवावर बेतू शकतो.

१९९१ मध्ये सोलापूरच्या वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या रुग्णांना मध आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे नेहमीचे मलम लावले होते. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, तर मलमाच्या गटातील केवळ ७ टक्के. फरक एवढा प्रचंड असला की आनंदाआधी शंका यावी, विशेषतः कोणाला काय लावले आहे हे डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनाही दिसत असताना. पुढे वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात २६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा वरवर भाजलेल्या जखमा काही नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात असे दिसले. पायावरील शिरांच्या व्रणांना मात्र त्याचा फायदा आढळला नाही.

मधात सुमारे ८० टक्के साखर असल्यामुळे तो जंतूंमधले पाणी शोषून घेतो, हे शाळेतल्या परासरणावरून कोणीही सांगेल. परंतु जखमेतून स्राव पाझरतो, मध पातळ होतो आणि हे शोषण ढिले पडते. खरी गंमत इथेच आहे. मकरंदाचा मध करताना मधमाशी आपल्या डोक्यातील ग्रंथींमधून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) त्यात मिसळते. मकरंद पातळ असेपर्यंत हे विकर ग्लुकोज, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन यांपासून ग्लुकोनिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते आणि त्याला आंबण्यापासून वाचवते. मध पिकून घट्ट व आम्लयुक्त झाला की ते जवळजवळ निष्क्रिय होते. जखमेच्या स्रावाने मध पुन्हा पातळ होतो, आम्लता उतरते आणि तेच विकर नव्याने कामाला लागते. औषधाच्या दुकानातील बाटलीत ३ टक्के पेरॉक्साइड असते; मधात ते सुमारे हजार पटींनी कमी, पण तासन्‌तास सतत तयार होत राहते. म्हणून जंतू मरतात आणि नव्या ऊतींना फारशी इजा होत नाही.

रक्तातील व ऊतींतील कॅटालेज हे विकर पेरॉक्साइडचे विघटन करते, ही यातली अडचण. न्यूझीलंडच्या मानुका मधाची मदार पेरॉक्साइडवर नसून मिथाइलग्लायॉक्साल या रसायनावर आहे, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. त्यावरून त्या मधाला सर्वरोगहारक ठरवून अवाच्या सवा भावाने विकणे हा मात्र निव्वळ बाजार आहे.

हाडापर्यंत उतरलेल्या किंवा रक्तात भिनलेल्या संसर्गापर्यंत वरून लावलेला मध पोहोचत नाही. तिथे प्रतिजैविकेच लागतात. स्वयंपाकघरातील बरणीही जखमेसाठी नाही, कारण मधात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते मारण्याइतकी उष्णता दिल्यास विकरही नष्ट होते. म्हणूनच वैद्यकीय वापराचा मध न तापवता गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.