विक्रम, मिनीडोर आणि सलग पाचवं विजेतेपद

वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळलं की एखादी मिनीडोर रिक्षा डावीकडून अशी काही घुसते की मागे बसलेली एखादी मावशी हमखास ओरडते, "ए शूमाकर, माणसं बसलीत आत!" आता ही शिवी की शाबासकी, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मावशींनी फॉर्म्युला वनची एकही शर्यत पाहिलेली नसते. मायकेल शूमाकरनं शेवटचं विजेतेपद घेतलं २००४ मध्ये, आणि गाडी चालवणारा पोरगा बहुधा त्यानंतर जन्मलेला. तरी शब्द टिकलाय. "ए हॅमिल्टन" असं कुणी ओरडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, आणि शूमाकरचे मोठे आकडे तर लुईस हॅमिल्टन या चालकानंच मागे टाकलेत. आमच्याकडे 'विक्रम' हे सहा आसनी रिक्षाचंही नाव आहे, त्यामुळे विक्रम मोडले तरी भंगारात जात नाहीत, एवढं आम्हाला ठाऊक असतं.

दर मार्चमध्ये हंगाम सुरू झाला की तोच वाद निघतो. आजची पोरं शूमाकरला गाठतील का? वाद घालण्याआधी मी माझ्या मामांचा प्रश्न उसना घेतो. मामा बैलगाडी शर्यतीतले जुने गडी. किनाऱ्यावर शर्यत असली की ओहोटीबरोबर ते चालत खाली जातात आणि टाच दाबून वाळू बघतात. टाचेभोवतीची ओली वाळू क्षणभर पांढरट, कोरडी दिसली तर धाव चांगली. टाच रुतून पाणी वर आलं तर छकडा ओढताना बैलांचा जीव जाणार. कुणी सांगितलं की अमक्याच्या जोडीनं तमक्या वेळात फेरा मारला, की मामा एवढंच विचारतात, "वाळू कशी होती?" (अशी ओली, घट्ट वाळू मोटारींनाही मानवते. १९२० च्या दशकात वेगाचे जागतिक विक्रम वेल्समधल्या पेंडाइनच्या आणि फ्लोरिडातल्या डेटोनाच्या किनाऱ्यावर झाले होते.)

तर फॉर्म्युला वनची वाळू.

जागतिक अजिंक्यपद १९५० मध्ये सुरू झालं. तेव्हा हंगामात जेमतेम सात-आठ शर्यती असत. २०२५ मध्ये चोवीस झाल्या. अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांजिओ पाच वेळा विजेता झाला, १९५१ ला आणि मग १९५४ ते १९५७ सलग, तेही आल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी आणि मासेराटी अशा चार कंपन्यांच्या गाड्यांतून. शेवटच्या वर्षी तो ४६ वर्षांचा होता. कारकिर्दीत ५१ शर्यती, २४ विजय. म्हणजे दोनातली जवळजवळ एक. या गुणोत्तराच्या जवळपासही नंतरचे दिग्गज गेले नाहीत. शूमाकर आणि हॅमिल्टन दोघंही तीस टक्क्यांच्या आसपास.

पण फांजिओच्या वेळची वाळूही बघा. १९५६ मध्ये इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत त्याची गाडी बिघडली. त्याच संघाचा पीटर कॉलिन्स स्वतः विजेतेपदाच्या शर्यतीत होता, तरी त्यानं पिटमध्ये, म्हणजे संघाच्या थांब्यावर, येऊन आपली गाडी फांजिओला देऊन टाकली. नियमात बसत होतं. फांजिओ दुसरा आला आणि विजेतेपद त्याचं झालं. आज असं घडलं तर दंडाचे कागद दुसऱ्या दिवशीपर्यंत छापत बसावे लागतील.

विजयांचा आकडा त्यानंतर हातोहात पुढे सरकला. जिम क्लार्कनं १९६८ च्या सुरुवातीला २५ केले आणि तीनच महिन्यांनी होकेनहाइमच्या शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. जॅकी स्टुअर्टनं १९७३ मध्ये २७ वर थांबून निवृत्ती घेतली. हे २७ चौदा वर्षं टिकले. त्या काळात गाडी शेवटपर्यंत पोचणं हीच अर्धी लढाई होती आणि चालक जिवंत राहणं ही उरलेली. अ‍ॅलन प्रॉस्टनं १९८७ मध्ये स्टुअर्टला ओलांडलं आणि ५१ वर नेऊन ठेवलं. शूमाकरनं २००१ मध्ये बेल्जियमला ५२ वा विजय घेतला आणि ९१ पर्यंत गेला. हॅमिल्टननं २०२० च्या ऑक्टोबरमध्ये न्युरबुर्गरिंगला ९१ ची बरोबरी केली, तेव्हा शूमाकरचा मुलगा मिक यानं वडिलांचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं. दोन आठवड्यांनी पोर्तुगालमध्ये ९२ झाले. २०२५ अखेर हॅमिल्टनचे १०५ झाले होते. २०२० मध्येच तुर्कस्तानात त्यानं शूमाकरच्या सात विजेतेपदांचीही बरोबरी साधली.

गुणांचे विक्रम मात्र कुणी सांगायला लागलं तर मी चहा मागवतो. पहिल्या क्रमांकाला आधी आठ गुण, मग नऊ, मग दहा आणि २०१० पासून पंचवीस. शिवाय १९९० पर्यंत हंगामातले ठरावीकच सर्वोत्तम निकाल धरत. १९८८ मध्ये प्रॉस्टचे एकूण गुण १०५ आणि आयर्टन सेनाचे ९४, तरी विजेता सेना. रुपये आणि आण्यांची बेरीज करण्यातला प्रकार.

शूमाकरची वाळू कशी होती? उत्तम. फेरारीला चालकाचं विजेतेपद १९७९ नंतर मिळालं नव्हतं, ते त्यानं २००० मध्ये जपानच्या सुझुकाला आणलं आणि मग सलग पाच वर्षं सोडलं नाही. गाडी अफाट होतीच. पण तेव्हा सरावावर बंधनंही फारशी नव्हती. फेरारीचा स्वतःचा फिओरानोचा ट्रॅक कारखान्याला लागून, आणि तिथं दिवसेंदिवस गाडी फिरवता यायची. ब्रिजस्टोन टायर बनवताना फेरारीकडे बघून बनवी. २००९ पासून हंगामातला असा सराव बंदच झाला. २००२ मध्ये तो सतराच्या सतरा शर्यतींत पहिल्या तिघांत होता आणि जुलैमध्ये, सहा शर्यती बाकी असताना विजेता ठरला. त्याच वर्षी ऑस्ट्रियाला संघाच्या हुकमावरून त्याचा फेरारीतलाच जोडीदार बारिकेलो यानं अंतिम रेषेपाशी त्याला वाट करून दिली आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली, हेही त्याच खात्यात जमा.

आणि त्या ९१ पैकी एका विजयाशी आपलंही नातं आहे. २००५ ची अमेरिकन ग्रां प्री, इंडियानापोलिस. मिशेलिनचे टायर तिथल्या तिरप्या वळणावर धोक्याचे ठरले म्हणून ते वापरणारे सगळे संघ शर्यत सुरू होण्याआधीच्या तयारीच्या फेरीनंतरच आत निघून गेले. मैदानात उरल्या सहा गाड्या. शूमाकर जिंकला, त्या वर्षीचा त्याचा तेवढाच एक विजय. जॉर्डनच्या गाडीतून नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. भारतीय चालकाला फॉर्म्युला वनमध्ये मिळालेले गुण ते तेवढेच. "वाळू कशी होती?" याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच २००५ मध्ये नियम आला होता की शर्यतीत टायर बदलायचे नाहीत. ब्रिजस्टोन त्यात मागे पडली, फेरारी तिच्याबरोबर, आणि शूमाकरची माळ तुटली.

म्हणूनच माझं मत असं की ९१ किंवा सात यांकडे बघत बसू नये. ९१ मोडलेत, सातची बरोबरी झाली आहे, आणि चोवीस शर्यतींच्या हंगामात एखादा हुशार चालक चांगल्या गाडीत दहा वर्षं बसला तर शंभरी काही आभाळात नाही. अडतं ते सलग पाचव्याला. फांजिओ सलग चार. सेबॅस्टियन व्हेट्टेल २०१० ते २०१३ सलग चार, त्यातलं चौथं आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. हॅमिल्टन २०१७ ते २०२० सलग चार. मॅक्स व्हर्स्टापेन २०२१ ते २०२४ सलग चार. एकेकाची कहाणी वेगळी, थांबण्याचं ठिकाण एकच.

फांजिओ वयानं थांबला. व्हेट्टेलच्या पाचव्या वर्षी, २०१४ मध्ये, इंजिनंच बदलली. आठ सिलिंडर जाऊन सहा सिलिंडरचं हायब्रिड आलं आणि मर्सिडीजनं ते सगळ्यांत आधी साधलं. हॅमिल्टनचं पाचवं २०२१ मध्ये अबुधाबीच्या शेवटच्या फेरीत गेलं. अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार, एकाच फेरीसाठी पुन्हा सुरू झालेली शर्यत, व्हर्स्टापेनकडे नवे टायर. त्यावर आजही दोन तट आहेत आणि मी कोणत्या तटावर आहे ते इथं लिहीत नाही, गावात राहायचंय. व्हर्स्टापेनचं स्वतःचं पाचवं २०२५ मध्ये दोन गुणांनी हुकलं. लँडो नॉरिस ४२३, हा ४२१. आणि हा तोच माणूस, ज्यानं २०२३ मध्ये २२ पैकी १९ शर्यती जिंकल्या होत्या, त्यातल्या दहा ओळीनं.

सलग पाच म्हणजे चालकाबरोबर संघ, इंजिन, टायर आणि नियम यांनी पाच वर्षं एका दिशेनं चालायचं. बैलाचंही तेच. कोर्टाच्या निकालानं २०१४ पासून महाराष्ट्रात शर्यती बंद होत्या. बैलांच्या छळाचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये अटींसह परवानगी मिळाली. त्या सात वर्षांत मामांच्या गोठ्यातल्या एका जोडीची उमेद आली आणि सरली. ती किती धावली असती, हे मामा कधी बोलत नाहीत. बोलायला आकडाच नाही.

शूमाकरचा आणखी एक आकडा अजून उभा आहे. ७७ वेळा शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी. हा मोडणं मला सगळ्यांत अवघड वाटतं, कारण तेव्हा मध्येच इंधन भरता येई, गाडी हलकी ठेवून प्रत्येक टप्पा जीव खाऊन पळवता येई. २०१० पासून इंधन भरणं बंद झालं आणि चालक टायर जपत बसतात. एका संघातून ७२ विजय, हे फेरारीचे. हॅमिल्टननं मर्सिडीजसाठी ८४ करून ते मागे टाकले आहेत, आणि व्हर्स्टापेन रेड बुलसाठी २०२५ अखेर ७१ वर आहे, म्हणजे उंबरठ्यावर. उलट, व्हर्स्टापेननं १७ व्या वर्षी केलेलं पदार्पण जवळजवळ कुलूपबंद आहे. त्याच्यानंतर १८ वर्षांची अट आली.

२०२६ पासून वाळू पुन्हा बदलते आहे. निम्म्याच्या आसपास ताकद विजेची, गाड्या लहान आणि हलक्या, पंख चालता चालता हलणारे. हॅमिल्टन फेरारीत बसून आठवं शोधतोय, पण तो चाळिशी ओलांडून बसलाय आणि २०२५ मध्ये त्याला तिथं एकही ग्रां प्री जिंकता आली नाही. नॉरिसनं २०२५ पासून मोजायला घेतलं तरी त्याचं सलग पाचवं २०२९ ला. व्हर्स्टापेनला एकपासून सुरुवात, म्हणजे लवकरात लवकर २०३०. तेव्हा तो ३३ वर्षांचा असेल. शूमाकरनं सलग पाचवं घेतलं तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.