वारशाने येणारी अँटीबॉडीची कमतरता

शरीरात अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, जवळजवळ बनतच नाहीत असा हा जन्मजात आजार, आणि त्यातला ठळक प्रकार म्हणजे एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया. १९५२ साली ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी तो पहिल्यांदा मांडला, आठ वर्षांच्या मुलाला न्यूमोकॉकस या जिवाणूचं इन्फेक्शन सारखं व्हायचं आणि तपासलं तर रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडी असतात तो प्रथिनांचा भागच नाही. १९९३ मध्ये दोष बीटीके जीनमध्ये सापडला, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी तयार व्हायला हा जीन लागतो. हा जीन एक्स क्रोमोसोमवर, त्यामुळे आई वाहक आणि आजार मुलग्यांना. म्हणून आजोळची चौकशी करायची, एखादा मामा लहानपणीच न्यूमोनियाने गेलाय का? पण घरात कोणालाच नसताना नव्यानेही होतो, तेव्हा उगाच आईला बोल लावू नये.

पहिले सहाएक महिने बाळ ठणठणीत असतं, आईकडून आलेल्या अँटीबॉडी पुरतात. मग कान फुटणं, सायनस, न्यूमोनिया, जुलाब. गोव्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, बालवाडीतली अर्धी पोरं शेंबडी, त्यात हे एक कुठे उठून दिसणार, 'पावसात असंच होतं' म्हणायचं आणि अँटिबायोटिक बदलत राहायचं. पण सर्दी वेगळी आणि वर्षात दोनदा न्यूमोनिया वेगळा! अशा पोराच्या घशात बॅटरी मारून बघावं, एवढी इन्फेक्शन होऊनही टॉन्सिल जवळपास दिसतच नाहीत, कारण ते भरतात बी पेशींनीच. पुढे रक्तातलं आयजीजी, आयजीए, आयजीएम (हे अँटीबॉडीचे प्रकार), आणि बी पेशी मोजायला फ्लो सायटोमेट्री. जीन तपासणीसाठी मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे.

उपचार म्हणजे बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, दर तीन-चार आठवड्यांनी इस्पितळात सलाईनसारखं, किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या पोराला ८ ते १२ ग्रॅम. सुरुवातीला थेंब अगदी हळू सोडतात, ताप-थंडी आली नाही तर वेग वाढवतात. हे जन्मभर, आणि महागडं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात हा आजार धरलाय. उशीर झाला तर फुप्फुसं कायमची खराब होतात. तोंडावाटे पोलिओचे थेंब या मुलांना देऊ नयेत, त्यातला जिवंत विषाणू धोक्याचा.

आणखी एक, डेंगी किंवा टायफॉइडची अँटीबॉडी शोधणारी टेस्ट यांच्यात निगेटिव्ह आली तरी भरवसा नाही, अँटीबॉडी बनतच नाहीत तर दिसणार काय. तिथे थेट जंतू किंवा त्याचा अंश शोधणारी टेस्ट, म्हणजे एनएस१ (डेंगीच्या विषाणूचं प्रथिन), पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश) नाहीतर ब्लड कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून बघणं) करावं लागतं.