तेनसेइगा आणि सोउन्गा: जीव परत देणारी वेगळी, मढं उठवणारी वेगळी

'इनुयाशा' या जपानी ॲनिमे मालिकेच्या तिसऱ्या चित्रपटाचा (2003) विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मेलेल्यांना उठवणारी तलवार सेशोमारूकडे आधीच होती की! मग सोउन्गात नवीन काय?" हे ऐकून ऐकून कान किटलेत. सेशोमारू हा इनुयाशाचा थोरला सावत्र भाऊ, आणि त्यांच्या राक्षस बापाच्या तलवारी तीन: सेशोमारूकडची तेनसेइगा, इनुयाशाकडची तेस्साइगा आणि या चित्रपटातली सोउन्गा.

तेस्साइगाबद्दल सांगत बसत नाही. धाकट्याच्या वाट्याची, एका वारात 100 राक्षस मारणारी, थोरल्याला हातही लावू न देणारी. सगळ्यांना पाठ आहे. ती आणि तेनसेइगा, दोन्ही तोतोसाई या तलवारी घडवणाऱ्या लोहाराने बापाच्या सुळ्यांतून घडवल्या. सोउन्गा त्यातली नाही. तिच्यात दुष्टात्मा बसलेला आहे, आणि रुमिको ताकाहाशींच्या मूळ चित्रकथेत (मांगामध्ये) ती कुठेच नाही. तिला 'बापाचा तिसरा सुळा' म्हणणं कृपा करून थांबवा.

खरा घोळ मेलेल्यांवरून होतो. तो सोडवायला चित्रपटातली इनुयाशाच्या जन्माची रात्र नीट पाहा. इनुयाशाची आई इझायोई, जी माणूस आहे, तिला ताकेमारू नावाचा सामुराई भाल्याने मारतो. बाप जखमी अवस्थेत पोचतो आणि तेनसेइगा उपसतो, पण वार इझायोईवर करत नाही. तिचा जीव न्यायला आलेले परलोकाचे दूत तिच्याभोवती जमलेले असतात, त्यांना तो कापतो. न्यायला कुणी उरलंच नाही, म्हणून ती श्वास घेते. बाप तिला अग्निउंदराच्या कातड्याचा लाल झगा पांघरतो, पोराचं नाव सांगतो आणि तिला पळायला लावतो. त्यानंतर इझायोईवर तलवारीचा काडीचाही हक्क नाही. ती पोराला वाढवते आणि पुढे माणसासारखीच वारते.

त्याच जळत्या वाड्यात ताकेमारू मरतो. त्याला पुढे उठवते ती सोउन्गा. तो बोलतो, त्याला जुना सूड आठवतो. म्हणून लोकांना वाटतं, हाही इझायोईसारखाच परत आला. नाही! सोउन्गाने मृत्यूला अडवलेलं नाही. तिला धरायला हात हवा होता आणि चालवायला राग हवा होता, दोन्ही त्याच्याकडे मिळाले. तिने उठवलेले मेलेले सैनिक तर निव्वळ मढी आहेत. कुणालाही स्वतःच्या मर्जीने घरी जाता येत नाही.

जिवंत माणसालाही ती हेच करते. इनुयाशाच्या हातात आली की त्याच्या हाताला वेटोळी घालून बसते, फेकू म्हटलं तरी सुटत नाही. तेनसेइगालाही स्वतःची इच्छा आहे हे मान्य. इनुयाशाच्या 'काझे नो किझु'तून, म्हणजे तेस्साइगाच्या त्या जबर वारातून, तिनेच सेशोमारूला वाचवलं. लांडग्यांनी मारलेल्या रिन नावाच्या लहान मुलीपाशी ती नुसती थरथरते, सेशोमारूला दूत दिसू लागतात, पण वार करायचा की नाही हे तोच ठरवतो. दोन्ही तलवारींना इच्छा आहे म्हणून त्यांना एका माळेत ओवणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

"थोरल्याला बापाने निकामी तलवार देऊन फसवलं" हा दुसरा लाडका सूर. चित्रपटाच्या सुरुवातीला समुद्रकिनाऱ्यावर सेशोमारू बापाकडे सोउन्गा आणि तेस्साइगा मागतो. तेनसेइगाचं नावही काढत नाही. बाप विचारतो, तुला कुणाचं रक्षण करायचंय का? पोरगा ते उडवून लावतो. अशा मुलाच्या हाती सोउन्गा दिली असती तर त्याचाच ताकेमारू झाला असता. माझ्या मते बापाने तिघींतली सर्वात अवघड तलवार त्याला दिली, कारण ती चालवायला आधी कुणाचा तरी जीव मोलाचा वाटावा लागतो.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. तेनसेइगा एका माणसाला एकदाच परत आणते. 2009 मध्ये सुरू झालेल्या 'द फायनल ॲक्ट' या पुढच्या मालिकेत रिन दुसऱ्यांदा मरते तेव्हा सेशोमारूला हे त्याची आई सुनावते, आणि रिन वाचते ती आईजवळच्या मेइदो (परलोक) मण्यामुळे. त्यामुळे 'तेनसेइगाने रिनला दोनदा जिवंत केलं' हेही चूकच.