भरतीने केलेला खून

यान शाबूत आहे. कवचावर साधा ओरखडा नाही. दृश्य प्रकाशाखेरीज या कवचातून काहीही आत जाऊ शकत नाही, अशी ते बनवणाऱ्यांची हमी आहे. तरीही आतले दोघे संशोधक यानाच्या पुढच्या टोकाशी चिरडून मेलेले सापडतात. ते एका न्यूट्रॉन ताऱ्याला अगदी जवळून वळसा घालून आले होते. मग आत शिरलं काय?

अमेरिकी लेखक लॅरी निव्हन यांच्या १९६६ सालच्या 'न्यूट्रॉन स्टार' या कथेतला हा पेच. बंद खोलीतला खून हा रहस्यकथेचा जुना साचा. निव्हन यांनी खोलीच्या जागी यान ठेवलं आणि गुन्हेगार म्हणून न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम उभा केला. (त्याचं नाव शीर्षकातच फोडलंय खरं, पण साठेक वर्षं जुन्या कथेचं रहस्य जपायचं तरी किती?)

चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला थोडा जास्त ओढतो, दूरच्या बाजूला थोडा कमी. भरती येते ती या फरकामुळे. फरक अगदीच किरकोळ, पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम एक कोटीव्या भागाएवढा. पण तो अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. अंतर निम्मं केलं की भरतीचा जोर आठपट. न्यूट्रॉन ताऱ्यात सूर्याहून जास्त वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेलं असतं, त्यामुळे त्याच्या केंद्राच्या फार जवळ जाता येतं. ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या १.४ पट धरा आणि केंद्रापासून अंतर २० किलोमीटर. तिथे एकमेकांपासून फक्त एक मीटरवर असलेल्या दोन बिंदूंवरच्या ओढीतला फरक निघतो पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४७ लाख पट! कवच तगतं, आतला माणूस टोकाकडे फेकला जातो.

कथेतला कर्जबाजारी वैमानिक यानाच्या वस्तुमानकेंद्राशी कसाबसा टिकून राहतो आणि वाचतो. वरचा आकडा पाहता तो वाचायला नको, कारण केंद्रापासून अर्ध्या मीटरवरचे त्याचे पायही लाखो पट जोराने ओढले जातील. वाचकांनी आणखी एक गोम काढली. असं यान ताऱ्यापासून दूर जाताना गरगर फिरत राहील आणि ती गिरकीच नायकाचा जीव घेईल. निव्हन यांनी हे पुढे मोकळेपणाने मान्य केलं.

मला स्वतःला कथेचा शेवट जास्त आवडतो. कवच बनवणारे परग्रहवासी कमालीचे भित्रे आणि सावध, आपला ग्रह कुठे आहे हेही कुणाला कळू न देणारे. एवढ्या सावध जमातीला भरतीचा धोका सुचू नये? नायक ताडतो, यांच्या ग्रहाला चंद्रच नसणार! आणि गप्प बसण्याचे पैसे मागतो. भौतिकशास्त्राच्या जोरावर केलेली अशी खंडणीची मागणी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

ही कथा छापून आली तेव्हा न्यूट्रॉन तारे कागदावरच होते. बाडे आणि झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी ती कल्पना १९३४ मध्ये मांडली होती, पण जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार, म्हणजे ठराविक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा, सापडला तो १९६७ मध्ये.

निव्हन यांची पदवी गणितातली, आणि त्यांनी जादूलाही ताळेबंदात बसवलं. त्यांच्या जादूगारांच्या कथांमध्ये मंत्रशक्ती हे संपणारं नैसर्गिक साधन आहे. उपसा वाढला की बोअरवेल आटावी तशी ती त्या जागेपुरती आटते. एक जादूगार हे सिद्ध करायला धातूची चकती मंत्राने अधिकाधिक वेगाने फिरवत ठेवतो. आसपासची शक्ती संपते, चकतीच्या ठिकऱ्या उडतात. परीकथेत असा प्रयोग!

पण नाव झालं ते १९७० च्या 'रिंगवर्ल्ड' या साहसकादंबरीने. ताऱ्याभोवती सुमारे १५ कोटी किलोमीटर त्रिज्येचं आणि १६ लाख किलोमीटर रुंदीचं कडं, आतल्या बाजूला समुद्र, डोंगर, वस्त्या. जागा पृथ्वीच्या सुमारे ३० लाख पट. वजन जाणवावं म्हणून ते सेकंदाला सुमारे १,२०० किलोमीटर वेगाने फिरतं. एवढ्या वेगात तुटू नये यासाठी पोलादाच्या घनतेचा पदार्थ पोलादाहून साधारण एक कोटी पट मजबूत हवा. निव्हन यांनी तसा पदार्थ सरळ कल्पनेतून आणला. इथपर्यंत ठीक.

खरी अडचण वेगळीच होती. कडं ग्रहासारखं कक्षेत नसतं. ते जरा सरकलं की जवळ आलेली बाजू ताऱ्याकडे जास्त ओढली जाते, म्हणून ते आणखी सरकतं. शनीची कडी अखंड घन असू शकत नाहीत, हे गणितज्ञ लाप्लास आणि नंतर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी एकोणिसावं शतक संपायच्या आत दाखवून दिलं होतं. १९७१ मध्ये बॉस्टनच्या विज्ञानकथा संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी हॉटेलच्या बोळांतून 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!' अशा घोषणा देत फिरले.

निव्हन यांनी त्यावर पुढची कादंबरीच लिहिली. कडं जागेवर ठेवायला काठावर इंजिनं होती, पण तिथल्याच रहिवाशांनी त्यांतली बहुतेक काढून आपल्या यानांना लावली आणि कडं ताऱ्याकडे सरकू लागलं, असं तिचं कथानक.