कर्मचाऱ्यांची माहिती ऑनलाइन फॉर्मने गोळा करायची असेल तर

ग्रुपवर 'सगळ्यांनी आपापली माहिती पाठवा' असा मेसेज टाकला की काय होतं माहितीये ना, कोण पासबुकाचा आडवा फोटो पाठवतं, कोण व्हॉइस नोट, कोण नुसतं 'ओके सर', आणि ते सगळं एक्सेलमध्ये टाइप करत बसायचं काम येतं आपल्याच गळ्यात. त्यापेक्षा फॉर्म बनवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

गुगल अकाउंट असलेला कोणीही गुगल फॉर्म्स फुकटात वापरू शकतो, आणि ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स. पण फॉर्म स्वतःच्या पर्सनल अकाउंटवरून नका बनवू, उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर सगळ्यांचे बँक डिटेल्स तुमच्याच ड्राइव्हमध्ये राहणार. आणि कुठली माहिती, कशासाठी, कोण बघणार हे एचआरकडून मेलवर मंजूर करून घ्या, तोंडी नको.

भरणाऱ्याला लॉगिन लागतंच असं नाही. पण 'एका माणसाला एकच उत्तर' किंवा फाइल अपलोड चालू केलंत की गुगल फॉर्मला लॉगिन लागतंच, त्यामुळे ज्यांच्याकडे गुगल अकाउंट नाही ते तिथेच अडकतात. अशा लोकांची कागदपत्रं वेगळी घ्या.

आता प्रश्न. आधी शेवटच्या शीटमध्ये कुठले कॉलम हवेत ते कागदावर लिहा, जो कॉलम कोणी वापरणारच नाही तो प्रश्न विचारूच नका. एम्प्लॉयी कोड पहिला आणि कंपल्सरी, कारण एकाच नावाचे दोघं हमखास निघतात. डिपार्टमेंटला ड्रॉपडाउन, म्हणजे तयार यादीतून निवडायचा पर्याय द्या, नाहीतर 'अकाउंट', 'अकाउंट्स', 'ए/सी' असे तीन विभाग तयार होतात. जन्मतारखेला डेट टाइपच घ्या. लग्न झालंय का याच्या उत्तरावरून जोडीदाराच्या माहितीचा सेक्शन उघडायचा असेल तर प्रश्न मल्टिपल चॉइस किंवा ड्रॉपडाउन ठेवा, चेकबॉक्सवर ते जमत नाही.

खाते नंबरात मी स्वतः मार खाल्लाय. फॉर्मच्या उत्तरांची सीएसव्ही, म्हणजे साध्या टेक्स्टमधली तक्त्याची फाइल डाउनलोड केली, डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि सवयीने सेव्ह केली, तर सुरुवातीचे शून्य गायब आणि 16 आकडी नंबरांचा शेवटचा आकडा शून्य झालेला, कारण एक्सेल 15 आकड्यांच्या पुढे नंबर धरूनच ठेवत नाही. नशीब, मूळ उत्तरं फॉर्ममध्ये तशीच होती. तेव्हापासून एक्सेलच्या डेटा टॅबमधून इम्पोर्ट करते आणि तो कॉलम टेक्स्ट करते. नंबर दोनदा विचारला तरी चालतो, लोक कुरकुरतात पण चुका पकडल्या जातात.

कागदपत्रांमध्ये साधारण ओळखपत्र, फोटो, शेवटचं शैक्षणिक सर्टिफिकेट, आधीच्या नोकरीचं रिलिव्हिंग लेटर आणि कॅन्सल्ड चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान. ही यादी फॉर्मच्या वरतीच लिहा, म्हणजे माणूस अर्ध्यात उठून कपाट उघडत बसणार नाही. गुगल फॉर्ममध्ये अपलोडची एकूण मर्यादा सुरुवातीला 1 जीबी असते, 300 जणांनी 5-5 एमबी टाकले तर दीड जीबी होतात, म्हणून एका फाइलची लिमिट कमी ठेवा नाहीतर सेटिंगमध्ये एकूण मर्यादा वाढवा.

पाठवण्याआधी दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. रिझल्ट समरी दाखवायचं सेटिंग बंद हवं, ते चालू राहिलं तर भरणाऱ्याला बाकीच्यांची उत्तरं दिसू शकतात. आणि एडिटची लिंक वेगळी, भरायची वेगळी. घाईत पहिली पाठवलीत आणि ॲक्सेस खुला असेल तर कोणीही प्रश्न बदलू शकतं, सगळ्यांचे नंबर वाचू शकतं. लिंक इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे आपलं लॉगिन नसलेल्या ब्राउझरच्या खासगी विंडोत उघडून बघा, एकदा साध्या मोबाइलवरही. शेवटची तारीख वर मोठ्या अक्षरात टाका आणि त्या दिवशी रात्री उत्तरं घेणं बंद करा, नाहीतर शीट पेरोलला दिल्यावरही ओळी वाढतच राहतात.