अ‍ॅम्प दाखवायला येताना डिकी रिकामी करून येऊ नका

गाडीत अ‍ॅम्प, म्हणजे स्टीरिओचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर, बसवण्याचे काम आम्ही करतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार अशी: "अर्धा तास छान वाजतो, मग आपोआप बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. अ‍ॅम्प बदलून द्या." गाडी आमच्या दारात येईपर्यंत अ‍ॅम्प थंड झालेला असतो आणि खणखणीत वाजतो. त्यात ग्राहक आमची सोय म्हणून डिकी आवरून आणतात. आम्ही वायरी चाचपतो, फ्यूज बघतो, व्होल्टेज मोजतो. दीड तास जातो, सापडत काहीच नाही. कारण जे सापडायला हवे होते ते, म्हणजे अ‍ॅम्पवर रोज पडून असलेली चादर आणि बॅगा, घरी राहिलेले असते.

असा बंद पडणारा अ‍ॅम्प बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. तो तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आवाज तोडतो आणि निवला की परत वाजू लागतो. क्लास एबी प्रकारचा अ‍ॅम्प पूर्ण आवाजातही बॅटरीतून घेतलेल्या विजेपैकी साधारण ६० टक्केच स्पीकरला देतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे ५०० वॅट घेतले तर २०० वॅट नुसती धग. १०० वॅटचे दोन जुने बल्ब पांघरुणात गुंडाळून पेटते ठेवा, तसे. क्लास डी प्रकार ८० टक्क्यांच्या वर जातो, म्हणून तो लहान असतो आणि कमी तापतो. पण तोही गोधडीखाली ठेवण्याची वस्तू नव्हे. बाहेरची अ‍ॅल्युमिनियमची पेटी आणि तिच्यावरच्या पट्ट्या शोभेसाठी नाहीत, उष्णता त्यांच्यातूनच बाहेर जाते.

म्हणून अ‍ॅम्पच्या चारी बाजूंना आणि वर निदान पाच सेंटीमीटर मोकळी हवा आम्ही सोडतोच. डिकीच्या बाजूच्या भिंतीवर किंवा मागच्या सीटच्या पाठीवर उभा बसवायचा असेल तर पट्ट्या उभ्या ठेवतो, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून वर निघून जाते. मागच्या काचेखालच्या फळीला उलटा टांगून द्या, असे बरेच जण सांगतात. दिसायला छान, सामानाचा धक्काही लागत नाही. पण उष्णता वर चढते आणि उलट्या अ‍ॅम्पमध्ये ती फळीखाली, आतल्या सर्किटपाशीच कोंडते. हे काम आम्ही करत नाही, ग्राहक नाराज झाला तरी.

दुसरा आग्रह सबवूफरच्या, म्हणजे खालचे घुमणारे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, बॉक्सवर बसवण्याचा. जागा वाचते, खरे आहे. पण तो बॉक्स तासन्‌तास थरथरतो. काही महिन्यांत स्क्रू सैल होतात, आतले सोल्डरचे सांधे तडकतात आणि खड्डा आला की एका बाजूचा आवाज जातो. शिवाय बंद बॉक्सला पाडलेल्या भोकांतून हवा गळते आणि ज्या दणक्यासाठी पैसे मोजले तोच कमी होतो.

सीटखालची जागा लहान क्लास डी अ‍ॅम्पला उत्तम. मात्र सीट पुढे-मागे, वर-खाली पूर्ण सरकवून बघावी लागते, ओल्या बुटांचे पाणी पोहोचणार नाही इतकी उंची द्यावी लागते आणि मागच्या प्रवाशांसाठी हीटरची हवा तिथेच सुटत नाही ना, हेही पाहावे लागते. तिथला पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो. घरी काम करणाऱ्यांनी तो काढू नये.

"चार स्क्रूंना इतका वेळ?" असे विचारले जाते. अ‍ॅम्प आम्ही थेट पत्र्यावर कसत नाही. आधी प्लायवुडची फळी, तिला कार्पेट, मग तिच्यावर अ‍ॅम्प. फळीसाठी पत्र्याला भोक पाडण्याआधी आमचा माणूस गाडीखाली आडवा होऊन बघतो, कारण पत्र्याखाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी असू शकते. अर्थिंगची वायर आखूड, शक्यतो ४५ सेंटीमीटरच्या आत, आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने, स्टीरिओकडून अ‍ॅम्पला सिग्नल आणणारी आरसीए वायर दुसऱ्या बाजूने. रेसबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते तेव्हा चूक बहुधा अर्थिंगमध्ये किंवा या वायरींमध्ये असते. स्टीरिओ बदलायला धावू नका. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. तो अ‍ॅम्पपेक्षा त्या लांब वायरीसाठी असतो: वाटेत कुठे ती पत्र्याला घासून उघडी पडली, तर फ्यूज उडावा, गाडी पेटू नये.

दुसरीकडे घेतलेला अ‍ॅम्पही आम्ही याच पद्धतीने बसवून देतो. सामान रोज डिकीत असणारच असेल तर अ‍ॅम्पवर जाळीचे झाकण करून मिळते, काही गाड्यांत छोटा पंखाही बसतो. मोजमाप घ्यायला गाडी लागेल, आणि हो, डिकीत रोज जे असते त्या सगळ्यासकट.